कागदाच्या टेम्प्लेटला आपला रंग कसा द्यावा

डिजिटल स्क्रॅपबुकचं, म्हणजे संगणकावर सजवलेल्या फोटो-अल्बमचं, पान भरतं ते कागदाने, म्हणजे पार्श्वभूमीच्या चित्राने. फोटो दोन-तीन, चार फुलं, एखादा मथळा, आणि बाकीची सगळी जागा कागदाची. रंगीत कागदांचे तयार संच भरपूर मिळतात, पण बारशाच्या फोटोतल्या पोपटी नऊवारीला आणि तिच्या राणी काठाला जुळणारा कागद त्यात सापडेलच असं नाही. पेपर टेम्प्लेट असतं ते यासाठीच. त्यात नक्षी आणि पोत बनवणाऱ्याने दिलेला असतो, रंग मात्र आपण भरायचा.

काम अवघड नाही. तरी नवशिक्यांचे कागद मळकट, चिखलट किंवा प्लास्टिकसारखे सपाट होतात. बहुतेक वेळा त्याचं कारण एकच असतं: रंग आणि पोत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात न घेता दोन्हींवर एकदमच हात फिरवला जातो. रंग बदला, पोताला रंगवू नका. पुढची सगळी कृती याच धोरणावर उभी आहे.

फाइल उघडण्याआधी

हे काम फोटोशॉपमध्ये होतं, आणि ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या फोटोपीमध्येही होतं. फोटोपीत लेयर (चित्राचे एकावर एक थर), क्लिपिंग मास्क (वरचा थर खालच्या थराच्या आकारापुरता बांधणं) आणि ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळतो ते) जवळपास फोटोशॉपसारखेच आहेत, त्यामुळे सुरुवात तिथे करायला हरकत नाही. गिंपही फुकट आहे, पण त्यात क्लिपिंग मास्क फोटोशॉपच्या पद्धतीने चालत नाही. त्याचा उपाय पुढे दिला आहे.

झिप उलगडली की पहिल्यांदा वापराच्या अटींची फाइल वाचा. ‘पर्सनल यूज’ लिहिलं असेल तर स्वतःच्या अल्बमसाठी रंग बदलून वापरायला मोकळीक असते. बदललेला कागद दुसऱ्यांना वाटायचा किंवा विकायचा असेल तर ‘कमर्शियल यूज’ची परवानगी लागते, आणि तिच्याही अटी दर बनवणाऱ्यागणिक बदलतात. रंग आपण भरला म्हणून नक्षी आपली होत नाही. कुणीतरी तासन्‌तास बसून ते ठिपके रेखलेले असतात.

मूळ फाइलची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. उघडल्यावर इमेज साइज बघा. १२ × १२ इंचांचा कागद ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० × ३६०० पिक्सेल भरतो. ८ × ८ इंचांचा असेल तर २४००. छोटी फाइल ताणून मोठी केली की पोताचे तंतू भुरकट होतात, म्हणून ताणू नका. मोठी फाइल मात्र संगणकाला जड जाते. या मापाचा एक पूर्ण भरलेला लेयर मेमरीत साधारण ५२ एमबी घेतो, म्हणजे दहा लेयरचे पाचशेच्या वर. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे बाकीचे टॅब बंद करूनच बसा.

आणखी एक: स्क्रीनचा नाइट मोड बंद करा. पिवळसर स्क्रीनवर निवडलेला मोतिया रंग सकाळी उघडून पाहिला की निळसर पांढरा निघतो.

टेम्प्लेटच्या पोटात काय असतं

लेयरची खिडकी उघडा आणि डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारत एकेक थर बंद-चालू करून बघा. यासाठी पाच मिनिटं नक्की द्या. सर्वसाधारणपणे खालून वर असा क्रम सापडतो: तळाचा सपाट कागद, त्यावर नक्षीचे एक-दोन थर (ठिपके, पट्टे, वेलबुट्टी, काठ), त्यावर पोत (चुरगळ, घड्या, तंतू, खरखर), आणि सगळ्यात वर कडांची सावली किंवा झिजलेली कड. सगळं करड्या किंवा पांढऱ्या-काळ्या रंगात.

थरांना लगेच मराठीत नावं द्या: ‘तळ’, ‘ठिपके’, ‘काठ’, ‘चुरगळ’, ‘कडेची सावली’. ‘लेयर ४ कॉपी २’ अशा नावांनी नंतर डोकं फिरतं.

नक्षीचा प्रत्येक थर दोनपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे इथेच ओळखून ठेवा. एका प्रकारात ठिपके एकाच सपाट रंगाचे असतात आणि त्यांच्याभोवती पारदर्शक जागा असते. दुसऱ्यात नक्षीलाच छटा असतात, म्हणजे जलरंगाचा फटकारा किंवा पेन्सिलीने भरल्यासारखं पान. दोन्हींना रंग देण्याची रीत वेगळी आहे.

फोटोतून रंग काढणं

पान ज्या फोटोसाठी आहे तो आधी उघडा आणि त्याचा व्हाइट बॅलन्स ठीक करून घ्या. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोत पांढरं उपरणंसुद्धा बदामी दिसतं. तसाच रंग उचलला तर अख्खा अल्बम पिवळा पडतो.

आयड्रॉपरने (चित्रातला रंग उचलणाऱ्या साधनाने) साडीवर एकदाच टिचकी मारून रंग घेऊ नका. एका पिक्सेलवर जरीची चमक असू शकते, शेजारच्यावर चुणीची सावली. फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरचा सॅम्पल साइज ५ × ५ सरासरी करा. त्याहून खात्रीचा मार्ग असा: फोटोच्या लेयरची प्रत घ्या, साडीचा मध्यम उजेडातला तुकडा चौकोनात निवडा आणि फिल्टर, ब्लर, ॲव्हरेज हा क्रम द्या. चौकोन एकाच रंगाचा होतो. तो रंग उचला, त्याचे आरजीबी आकडे (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५) वहीत लिहा.

समजा, आकडे असे निघाले. पोपटी: लाल ११०, हिरवा १५५, निळा ५२. राणी: १६३, २५, ९१. मोतिया: २४३, २३४, २१५. जरीचा सोनेरी: १९९, १५४, ५९. एवढे चार पुरतात. पाचवा घ्यायचाच तर एक गडद शेवाळी अक्षरांसाठी ठेवा.

साडीतला पोपटी जसाच्या तसा १२ इंच कागदभर पसरवला तर तो फोटोला गिळून टाकतो. साडीत तो नऊ वार असला तरी फोटोत तळहाताएवढाच होता. मोठ्या कागदासाठी त्याची फिकी बहीण शोधा. रंग निवडायच्या चौकटीत ह्यू (रंगाची जात) तोच ठेवा, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) २५ टक्क्यांच्या आसपास आणा आणि ब्राइटनेस (उजेड) ९०. आपल्या पोपटीचा ह्यू ८६ येतो, त्यातून २०५, २३०, १७२ हा कोवळा पोपटी मिळतो. नातं शाबूत राहतं, आरडाओरडा थांबतो. भडक मूळ रंग ठिपक्यांना, काठाला, फितीला ठेवा.

रंग चढवणं

तळाच्या लेयरवर टिचकी मारा. लेयर मेनूतून नवा फिल लेयर (एकाच रंगाने भरलेला थर) घ्या; फोटोशॉपमध्ये त्याला सॉलिड कलर म्हणतात. कोवळ्या पोपटीचे आकडे भरा. आता हा रंग खालच्या थरापुरता बांधायचा: विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि जी, मॅकवर कमांड, ऑप्शन आणि जी. किंवा ऑल्ट दाबून दोन लेयरच्या मधल्या रेषेवर टिचकी मारा. फिल लेयर थोडा आत सरकतो आणि त्याच्या शेजारी खाली वळलेला छोटा बाण येतो. तो बाण दिसला म्हणजे क्लिपिंग झालं. बाण नसेल तर रंग तळापुरता राहणार नाही. कागदाची कड फाटकी असली तर ती पुसली जाऊन कोपऱ्यापर्यंत पोपटी पसरेल.

फिल लेयरचा मोठा फायदा म्हणजे त्याच्या चौकोनावर दोनदा टिचकी मारली की रंग कधीही बदलता येतो. त्याच टेम्प्लेटमधून राणी कागद हवा झाला तर पुन्हा सगळं करायला नको.

सपाट ठिपक्यांसाठी हीच कृती. ठिपक्यांच्या थरावर फिल लेयर, मग क्लिपिंग. पेंट बकेटने एकेक ठिपका भरायच्या फंदात पडू नका. ठिपक्याच्या कडेचे पिक्सेल अर्धपारदर्शक असतात, बकेट ते नीट पकडत नाही आणि प्रत्येक ठिपक्याभोवती करडी किनार उरते. २०० टक्के झूम केल्यावर ती किनार स्पष्ट दिसते, आणि छापल्यावर लांबूनसुद्धा नक्षी मळलेली वाटते.

गिंपमध्ये काम करणाऱ्यांनी लेयरच्या खिडकीत अल्फा चॅनेलचं कुलूप लावावं आणि फोरग्राउंड रंगाने तो पूर्ण लेयर भरावा (कंट्रोल आणि स्वल्पविराम). पारदर्शक जागा तशीच राहते आणि अर्धपारदर्शक कडाही बरोबर रंगतात. इथे मूळ रंग कायमचा जातो, म्हणून आधी लेयरची प्रत करून ती लपवून ठेवा.

छटा असलेल्या नक्षीवर सपाट रंग क्लिप केला तर छटा झाकल्या जातात आणि जलरंगाच्या फटकाऱ्याचा पत्रा होतो. अशा वेळी क्लिप केलेल्या फिल लेयरचा ब्लेंड मोड बदला. नक्षी मुख्यतः काळी असेल तर स्क्रीन: काळ्याच्या जागी आपला रंग येतो, पांढरं पांढरंच राहतं. नक्षी मुख्यतः पांढरी असेल तर मल्टिप्लाय: पांढऱ्याच्या जागी रंग येतो, काळं तसंच राहतं. मधल्या करड्याची असेल तर कलर हा मोड वापरा, किंवा ह्यू/सॅच्युरेशनचा ॲडजस्टमेंट लेयर (खालचं चित्र न बिघडवता वरून दुरुस्ती करणारा थर) क्लिप करून त्यातली कलराइझची (सगळ्याला एकच रंग देणारी) चौकट टिकमार्क करा.

कलराइझ न करता नुसता ह्यूचा दांडा ओढत बसणं ही पहिल्या दिवसाची ठरलेली चूक. करड्यात सॅच्युरेशनच नसतं, तर ह्यू फिरवून बदलणार काय? आणि कलराइझ केलं तरी शुद्ध पांढरं पांढरंच राहतं, शुद्ध काळं काळंच. तिथे मल्टिप्लाय आणि स्क्रीनच कामाला येतात.

कलर मोडची एक खोड ध्यानात असू द्या. तो आपल्या रंगाचा फक्त ह्यू आणि सॅच्युरेशन घेतो, उजेड खालच्या थराचा ठेवतो. मधल्या करड्यावर लिंबासारखा पिवळा दिलात तर मिळेल शेवाळी छटेचा मळकट पिवळा, कारण पिवळा हा मुळातच उजळ रंग आहे आणि इथे त्याला उजेड मिळत नाही. आधी त्या थरावर लेव्हल्स (उजेड-अंधार जुळवण्याचं साधन) लावून मधला त्रिकोण डावीकडे सरकवा, थर उजळेल, मग पिवळा पिवळा दिसेल.

पोत, आणि तो बिघडतो कुठे

पोताचा थर सगळ्या रंगांच्या वर हवा. रंगाचा फिल लेयर चुकून पोताच्या वर गेला तर चुरगळ गायब होते आणि हातात रंगीत पत्रा उरतो. असं झालं की घाबरून पोत नव्याने आणू नका, नुसता क्रम तपासा.

पीएसडीत (थर जपणाऱ्या फोटोशॉपच्या फाइलीत) पोताचा ब्लेंड मोड बहुधा आधीच लावून दिलेला असतो. पोत वेगळ्या जेपीजीत मिळाला तर तो आपणच लावायचा. तो थर नॉर्मल मोडमध्ये ठेवून बघा. बहुतेक भाग पांढुरका असेल तर मल्टिप्लाय. मधल्या करड्याचा असेल तर सॉफ्ट लाइट, आणि जास्त ठसठशीत हवा असल्यास ओव्हरले. बहुतेक काळा असेल तर स्क्रीन. अंदाजाने मोड फिरवत बसण्यापेक्षा यामागचं गणित कळलेलं बरं.

मल्टिप्लायमध्ये दोन थरांचे आकडे गुणून २५५ने भागतात. पांढरा म्हणजे २५५, म्हणून पांढऱ्याखाली रंग जसाच्या तसा राहतो. पण पुष्कळ पोतांचा ‘पांढरा’ खरा पांढरा नसतो. स्कॅन केलेल्या कागदाचा सपाट भाग २३० असला तर बदामी २३२, २१७, १८१चं काय होतं बघा: २०९, १९६, १६३. आपण बदामी निवडला आणि कागद निघाला चहा सांडल्यासारखा. पोत २००चा असेल तर १८२, १७०, १४२, म्हणजे सरळ खाकी. मग लोक रंग आणखी फिका घेतात, तरी हिशेब बसत नाही: २३२ मिळवायला २३२ × २५५ ÷ २३० म्हणजे २५७ लागतील, आणि आकडे २५५वर संपतात. दुखणं पोतात आहे, रंगात नाही.

उपाय सोपा आहे. पोताच्या थरावर लेव्हल्सचा ॲडजस्टमेंट लेयर क्लिप करा. आलेखात उजवीकडे एक टेकडी दिसेल, ती म्हणजे पोताचा सपाट भाग. पांढरा त्रिकोण डावीकडे ओढत त्या टेकडीच्या माथ्याजवळ आणा, वरच्या उदाहरणात २३०वर. आता सपाट भाग २५५ झाला, घड्या तेवढ्या गडद राहिल्या आणि बदामी बदामीच दिसू लागला. पुढे गेलात तर बारीक तंतू जळून जातात. तिथेच थांबा.

गडद कागदाची अडचण उलटी असते. मोतियावर २००चा पोत पडला तर लाल आकडा २४३वरून १९१वर येतो, ५२चा फरक. डोळ्याला घडी दिसते. गडद शेवाळीचा लाल ४७ असेल तर तो ३७वर येतो, दहाचा फरक, आणि चुरगळ कुठे गेली कळत नाही. खऱ्या गडद छापील कागदाची घडी नीट बघा: ती काळी नसते, वरची शाई उडून आतला पांढरट तंतू उघडा पडलेला असतो. तेच इथे करा. पोताची प्रत घ्या, कंट्रोल आणि आय दाबून उलटी करा, मोड स्क्रीन, ओपॅसिटी (अपारदर्शकता) २० ते ३० टक्के. गडद कागद क्षणात खरा वाटू लागतो. ही एक युक्ती शिकलात तरी तुमचे काळे, जांभळे, डाळिंबी कागद इतरांपेक्षा वेगळे दिसतील.

कडेच्या सावलीला रंग देऊ नका. फाटलेल्या कडेचा पांढरा गाभाही पांढराच ठेवा. त्याच्यामुळेच तो कागद वाटतो.

रंग वेगळे, तरी नक्षी दिसेना

पोपटी कागदावर सोनेरी ठिपके. नावं ऐकून वाटतं छान उठून दिसतील. प्रत्यक्षात ठिपके कागदात विरघळतात, कारण दोघांचा उजेड जवळजवळ सारखा आहे. लालाचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ अशी बेरीज केली तर मूळ पोपटीचा उजेड १३० भरतो आणि सोनेरीचा १५७. फक्त २७चा फरक. सोनेरी उजळून २३०, १९९, १२२ केला की तो २००वर जातो आणि ठिपके नीट उभे राहतात. राणीचा उजेड ७४ असल्याने तो कोवळ्या पोपटीवर (२१६) कसाही ठेवा, वाचता येतो.

दरवेळी बेरीज करायची गरज नाही. सगळ्यात वर काळ्या रंगाचा फिल लेयर ठेवा, मोड कलर. पान कृष्णधवल होतं. नक्षी तशीही स्पष्ट दिसली तर काम झालं. लेयरचा डोळा बंद करून ठेवा, पुढच्या कागदालाही तो लागतो.

अधूनमधून फसणाऱ्या बारक्या गोष्टी

कडेच्या मऊ सावलीत पट्टे पट्टे दिसू लागले तर रंग किंवा उजेड फार ताणला गेला आहे. एक-दोन टक्के नॉइज (बारीक दाणे) टाका, त्याच्या चौकटीत गॉसियन आणि मोनोक्रोमॅटिक (एकरंगी) निवडा. पट्टे मोडतात आणि कागदाला हवी असलेली खरखरही मिळते.

थर नसलेला, आधीच रंगीत असा जेपीजी कागद हाती असेल तर ह्यू/सॅच्युरेशनमध्ये मास्टरऐवजी (सगळे रंग एकदम) एकेक रंगगट निवडून तेवढाच हलवता येतो. पण शेजारचे रंग एकमेकांत शिरतात आणि कडा फुटतात. टेम्प्लेट मिळत असेल तर हा मार्ग टाळा.

जतन आणि छपाई

थरांसकट पीएसडी ठेवाच. कागद म्हणून वापरायची प्रत जेपीजीत काढा, फोटोशॉपच्या मापाने क्वालिटी १० ते १२, टक्क्यांत विचारलं तर ९०च्या वर. कमी क्वालिटीत लाल-राणी नक्षीच्या कडा सगळ्यात आधी घाण होतात. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही, त्यामुळे फाटक्या कडेचा कागद, फीत, टॅग हे पीएनजीत. नावात रंग घाला: ‘ठिपके-कोवळा-पोपटी’. वर्षभराने शोधताना बरं पडतं.

राणी आणि मोरपंखी हे रंग स्क्रीनवर जेवढे झळकतात तेवढे छापून येत नाहीत. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूतून गॅमट वॉर्निंग चालू केलं की शाईच्या आवाक्याबाहेरचे भाग करडे होऊन दिसतात. तिथे सॅच्युरेशन पाच-पाचने उतरवा. छपाईच्या लॅबला फाइल द्यायची तर त्यांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर एसआरजीबी या रंगपद्धतीतच द्या.

आणि अख्खा अल्बम छापायला टाकण्याआधी १२०० × १८०० पिक्सेलची एक पट्टी बनवा, म्हणजे ३०० पीपीआयला ४ × ६ इंच. त्यावर आपले चारही रंग चौकोनात ठेवा, प्रत्येकाखाली आकडे लिहा, एका कोपऱ्यात तयार कागदाचा तुकडा मूळ मापात चिकटवा. हा एक साधा ४ × ६ फोटो त्याच लॅबमध्ये त्याच फोटोपेपरवर छापून आणा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात साडीच्या काठाशेजारी धरा, आणि जो रंग उतरला असेल त्याच्या फिल लेयरवर दोनदा टिचकी मारून तेवढाच सुधारा.